अर्धं पुस्तक

जुन्या पुस्तकांचा कुबट वास आला की मला खोपोलीच्या कारखान्यातला दत्तू आठवतो. संप नुकताच मोडला होता. मालकाचा माणूस कोण, या शंकेनं कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. अशात नवा आलेला दत्तू जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी बसला. हातातली जुनी, पातळशी रहस्यकथा त्यानं मधोमध फाडली आणि वाचून झालेला भाग मला दिला.

मी पानं झटकून पाहिली. आत चिठ्ठीबिठ्ठी काहीच नव्हती. "मलाच का?"

"एकट्यानं वाचण्यात मजा नाय रं."

डबा खाता खाता मी तो भाग संपवला. त्यानं विचारलं, "कोणाचा संशय येतो?"

"तुझाच."

तो हसला नाही. उरलेला भागही त्यानं माझ्यापुढं सरकवला. "माजं वाचून व्हायचं हाय. पण तू आदी वाच."

तो मालकाचा माणूस होता का, हे मला कधीच कळलं नाही. शेवटची पानं मात्र आम्ही डोक्याला डोकं लावून वाचली.