खरा पत्ता

बाबा महापालिकेत झाडणकाम करायचे. लॉकडाउनमध्ये सगळं पुणं घरात बसलं, तेव्हाही ते पहाटे गळ्यात पास अडकवून मंडईकडे जायचे. चार दिवस त्यांचा डावा हात भरून येत होता. "झाडू मारून दुसरं काय होणार?" म्हणत त्यांनी बाम चोळला. छातीत जळजळलं, तर म्हणाले पित्त. येरवड्याच्या आमच्या वस्तीत तेव्हा खरं दुखणं कुणीच सांगत नव्हतं. दम लागतोय म्हटलं, की सगळ्या घराला क्वारंटाइनला उचलून नेत.

पाचव्या दिवशी कामावरून आले ते घामानं निथळतच. ओठ पांढरे पडले होते. आई पदरानं वारा घालू लागली, मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. शेजारच्या काकू दारातूनच ओरडल्या, "अगं, आई स्वयंपाकाला जाते त्या सोसायटीचा पत्ता सांग! इथं कुणी येणार नाही." वस्तीत सगळे हेच करत. गाडी सोसायटीच्या गेटवर बोलवायची आणि पेशंटला तिथवर उचलून न्यायचं.

पण पत्ता लपवायचा नाही, हा बाबांचा नियम. शाळेच्या फॉर्मवर मी एकदा वस्तीचं नाव गाळलं, तर त्यांनी नवा फॉर्म आणून पुन्हा लिहायला लावला होता. मी विहारासमोरची गल्ली, घर नंबर, सगळं ठणकावून सांगितलं. पलीकडचा आवाज एकदम कोरडा झाला. "तो भाग सील आहे, मॅडम. तिकडे कोविडची गाडी येते. थांबा."

पाऊण तास थांबलो. तीनदा फोन केला, तीनदा उत्तर एकच, "निघालीय." शेवटी बाबांनी विचारलं, "कुठला पत्ता दिलास?"

"आपला."

"मग चालतच निघू," ते म्हणाले आणि चक्क हसले.

गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकलेले. खालून वाकून जाण्यापुरती फट. पलीकडचा पोलीस "अहो, थांबा, पत्रा काढतो," म्हणेपर्यंत बाबा वाकलेही. ते पुन्हा उठले नाहीत.

मृत्यूच्या कागदावर 'कोविड संशयित' असं लिहिलं. हृदय कुणी तपासलंच नव्हतं. दोन दिवसांनी रिपोर्ट निगेटिव्ह आला, कागद तसाच राहिला. मी चार टेबलांवर भांडले. "आता काय फरक पडतो, मॅडम?" एकानं विचारलं. माझा बाप कशानं गेला हे मला लिहून हवं होतं, एवढाच फरक. त्या विचारणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात मलाच धाप लागली. आईनं फोन माझ्या हाती दिलाच नाही. सोसायटीचं नाव, विंग, मजला, सगळं तिनं न अडखळता सांगितलं आणि दंडाला धरून मला त्या गेटपाशी नेऊन उभं केलं. गाडी वीस मिनिटांत आली. मी मुकाट्यानं आत बसले. बाबांसाठी एवढंही केलं नव्हतं मी.