पाठीवरचं आडनाव

बाबू उस्तादांचं नाव आधी लिहितो. मग बाकीचं.

उस्ताद नांदेडात रिक्षा चालवतात. सकाळी रिक्षा बाहेर काढायच्या आधी पोरांना फुटबॉल शिकवतात. मी नववीत शाळा सोडली, कंधारकडच्या आमच्या गावातून नांदेडला आलो आणि एका हॉटेलात कपबश्या धुवायला लागलो. तिथं ते चहाला यायचे. एकदा मला ट्रे घेऊन पळताना बघून म्हणाले, "पळतो का रे नुसता, का खेळतो बी?" मी म्हणालो, "खेळतो." खरं तर तोवर गावात चिंध्यांच्या चेंडूशिवाय कशाला पाय लावला नव्हता. त्यांना ते कळलंच असणार. तरी दुसऱ्या दिवशी बोलावलं. पुढं त्यांच्याच घरी राहिलो. खालांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, स्वतःच्या लेकरांच्या बरोबरीनं जेवू घातलं. पायातले पहिले बूट उस्तादांचे जुने. मोठे व्हायचे, म्हणून पुढं कापूस कोंबून घालायचो.

आज मी फुटबॉलवर पोट भरतो. मोठा खेळाडू नाही. माझं नाव तुम्ही ऐकलं नसणार. एक सीझन गोवा, एक कलकत्ता, परत गोवा, आता केरळ. करार संपला की बॅग भरायची. गोल मारणारा वेगळा असतो, त्याचे फोटो येतात. मी मध्ये उभा राहतो. मागून घ्यायचं, पुढं द्यायचं. हे काम उस्तादांनी शिकवलं. ते माझ्या पाठीमागं उभे राहायचे, हातात कधी लाल रुमाल, कधी पांढरा. समोरून बॉल यायच्या आधी मी मान वळवायची आणि रंग सांगायचा. चुकलो की परत. "पीछे देख, बेटा. बॉल तो आयेंगाच." माझी मान दुखायची. पण सवय लागली. बॉल पायात यायच्या आधी माझ्या पाठीमागं काय चाललंय ते मला माहीत असतं.

लातूरला ते माहीत नव्हतं.

लातूरला एक सर होते. मोठे क्लासेस. शहरभर बोर्ड, बोर्डावर पोरांचे मार्क आणि सरांचा हसरा फोटो. नांदेडलाही शाखा होती. सरांना फुटबॉलचा नाद होता. टीम सरांची, स्पर्धाही सरांचीच. बाहेरून खेळाडू आणायचे. उस्तादांच्या ओळखीनं मला घेतलं. सर म्हणाले होते, चांगला खेळलास तर गोव्याच्या क्लबला मी स्वतः फोन करतो. मी तेव्हा रोज झोपताना त्या फोनचाच विचार करायचो.

फायनलच्या दुपारी नवीन जर्स्या आल्या. मॅनेजर मंडपात पिशवीतून एकेक काढून पाठीवरचं आडनाव वाचायचा आणि ज्याची त्याच्याकडं फेकायचा. सगळ्यांच्या झाल्या. एक उरली. आठ नंबर. मी आठ नंबरच खेळायचो.

"जाधव," मॅनेजर म्हणाला.

कुणी उठलं नाही. आमच्यात जाधव कुणी नव्हता.

"तुझीच हाय ती. घे."

"माझं आडनाव जाधव न्हाई, सर."

"माहीत हाय रं. आधार कार्ड दिलंस की. घाल मुकाट."

पोरं हसली. कॅप्टन उठला आणि वाकून माझ्या पायांना हात लावल्यासारखं केलं. "जाधवराव, कधी आलात पुण्याहून?" परत हसली. मीही हसलो. का हसलो ते आजही सांगता येत नाही. तोंड आपोआप हसलं.

सर आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सर कधी ओरडून बोलायचे नाहीत.

"हे बघ बाळा. आज प्रमुख पाहुणे येणारेत. मॅच झाली की टीमचं जेवण त्यांच्या घरी आहे. जुन्या वळणाची माणसं आहेत, त्यांच्या घरात उगाच विषय निघायला नको. मी काही तसलं मानत नाही, तुला माहीत आहे. तुझ्या चांगल्यासाठीच केलंय."

मी म्हणालो, "थँक्यू, सर."

थँक्यू. माझ्या बापाचं आडनाव काढून घेतलं आणि मी थँक्यू म्हणालो. मला सवयच तशी. चहा दिला थँक्यू, रागावले तरी थँक्यू. शाळा सोडलेल्या पोराला प्रत्येक जण उपकारच करत असतो असं वाटतं. जर्सी घातली. अंगाला बरोबर बसली. सरांनी मापसुद्धा नीट दिलं होतं.

उस्ताद मंडपात नव्हते. पायांना पट्ट्या बांधायला म्हणून ते टीमबरोबर आले होते आणि तेव्हा बाहेर कुणाचा तरी घोटा बांधत होते. मी त्यांच्यासमोरून तिरका तिरका गेलो, पाठ दिसू नये असा.

एक गोष्ट मी सरांना सांगितली नव्हती. त्या दिवशी माझे बाबा येणार होते.

बाबा गावात ग्रामपंचायतीचं पाणी सोडतात. सकाळ-संध्याकाळ वाल्व फिरवायचे. आमच्या गल्लीला पाणी शेवटी येतं, आणि ते सोडणारा माझाच बाप. सुट्टी म्हणून घ्यायचीच नाही, कारण पाणी नाही आलं की सगळं गाव त्यांच्या नावानं बोंबलतं. त्यांनी मला कधी खेळताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी कुणाच्या तरी हातात चावी देऊन, धुतलेला सदरा घालून, खांद्यावर टॉवेल टाकून ते कंधारहून एसटीनं लातूरला आले.

मॅच सुरू झाली. लाऊडस्पीकरवर बोलणारा क्लासमधलाच एक मास्तर होता, चांगला रंगात आला होता. "जाधवकडे चेंडू. जाधवचा सुंदर पास. नांदेडचा वाघ जाधव." लोक टाळ्या वाजवत होते. मी खेळत होतो, चांगलाच खेळत होतो. शरमेची गोष्ट ही की थोडा वेळ मला बरं वाटलं.

मग बॉल बाहेर गेला. थ्रो आमचा. मी घ्यायला गेलो.

दोरीच्या पलीकडं बाबा उभे होते. हातभर अंतरावर. ते माझ्याकडं बघत नव्हते. मी पाठमोरा पळत होतो तेव्हाच त्यांनी पाठीवरचं आडनाव वाचलं होतं. शेजारी पांढरी टोपी घातलेला एक माणूस होता. तो बाबांना म्हणाला, "पाव्हणं, तुमी नांदेडकडचे म्हणता. मग ह्यो जाधव तुमच्याच भागातला की. वळखता का?"

बाबांनी माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर काही नाही. अगदी काही नाही.

"न्हाई," बाबा म्हणाले. "मी न्हाई वळखत. असंच आलतो बघायला."

माझ्या हातात बॉल होता. तो डोक्यावरून फेकताना माझा पाय जमिनीवरून उचलला. रेफरीची शिट्टी. फाउल थ्रो. लहान पोरंसुद्धा करत नाहीत ती चूक. सरांच्या बाजूनं कुणीतरी शिवी दिली. लाऊडस्पीकर म्हणाला, "जाधव थोडे गडबडले."

हाफटाइमला मी मंडपाच्या मागं जाऊन बसलो. उस्ताद शोधत आले, हातात त्यांची पट्ट्यांची पिशवी.

"क्या हुआ?"

"बाबा आलेत. त्यांनी मला वळखलं न्हाई."

उस्तादांनी दोरीकडं बघितलं. मग माझ्यामागं येऊन पाठ बघितली. पिशवी खाली ठेवली.

"पैचाने रे बेटा," ते म्हणाले. "पैचाने, इसी वास्ते नै बोले."

तेव्हा कळलं. बाबांना वाटलं होतं की आडनाव मीच बदललंय. पोरानं काहीतरी जमवलंय, आपण तोंड उघडलं तर पोराचं नुकसान होईल. म्हणून माझ्या बापानं परगावी, परक्या माणसापुढं, मी त्याचा नाही असं सांगितलं. माझ्या भल्यासाठी. सरांनीही माझ्या भल्यासाठीच केलं होतं. एकानं माझं आडनाव पुसलं आणि दुसऱ्यानं ते पुसलेलं झाकायला स्वतःला पुसलं. आणि दोघांच्या मध्ये मी होतो, थँक्यू म्हणणारा.

"पट्टी द्या," मी म्हणालो.

कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. घोट्याला बांधायची पांढरी चिकटपट्टी काढली. "फिर," म्हणाले. मी पाठ केली. त्यांनी माझ्या पाठीवर आडवी पट्टी लावली, त्याखाली आणखी एक, आणि तळहातानं दाबून बसवली. जाधव दिसेनासा झाला. खाली नुसता आठ.

टीम मैदानात निघाली तसं सरांनी बघितलं.

"हे काय?"

"पट्टी हाय, सर."

"ते दिसतंय. काढ."

"माझं आडनाव सोनकांबळे हाय, सर." आवाज बारीक निघाला. "ते लिवायचं नसंल तर नका लिवू. कोरं राहू द्या. पण दुसऱ्याचं न्हाई घालणार."

सर हसले. आजूबाजूला माणसं होती म्हणून हसले. "एवढं केलं तुझ्यासाठी. गोव्याला फोन कोण करणार होतं, विसरलास?"

ओठापर्यंत "सॉरी, सर" आलं होतं. मी ते गिळलं.

"विसरलो न्हाई, सर."

"मग बस बाहेर. आणि बाबूभाई, तुम्हीपण."

"जी," उस्ताद म्हणाले. पिशवीची चेन लावली आणि माझ्याबरोबर चालायला लागले.

आम्ही मैदानाला वळसा घालून दोरीकडं गेलो. बाबा घाबरले.

"इकडं कशाला आलास? खेळ ना."

"झालं, बाबा."

"माझ्यामुळं तर न्हाई ना?"

हे वाक्य मला फुटबॉलच्या कुठल्याही दुखापतीपेक्षा जास्त दुखलंय. टोपीवाला वाकून बघत होता. "आरं, तू जाधव ना?"

"न्हाई. सोनकांबळे. हे माझे वडील."

"अस्सं," तो म्हणाला. मग मॅचकडं बघू लागला. थोड्या वेळानं दोन माणसं सोडून पलीकडं जाऊन उभा राहिला.

उस्ताद बाबांना म्हणाले, "जय भीम, भाऊ." बाबा म्हणाले, "सलाम, उस्ताद. लई ऐकलं तुमचं." आणि आम्ही तिघं दोरी धरून उरलेली मॅच बघत राहिलो. आमची टीम जिंकली. मी नसताना जिंकली. हेही लिहायला पाहिजे. माझ्यावाचून काही अडलं नाही.

बक्षीस वाटताना लाऊडस्पीकरवाल्याच्या कागदावर जुनंच आडनाव होतं. "जाधव. जाधव कोण आहेत, मंचावर यावं." कुणी गेलं नाही. त्यानं परत पुकारलं. मग पुढचं नाव घेतलं. बाबांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण दोरीवरचा त्यांचा हात सरकून माझ्या हाताला लागला.

जर्सी तिथंच काढली, घडी करून कॅप्टनच्या हातात दिली. पट्टीसकट. या वेळी तो हसला नाही. माझे कपडे सामानाच्या खोलीत, आणि खोलीला कुलूप. बाबांनी खांद्यावरचा टॉवेल मला पांघरायला दिला. तसाच एसटीत बसलो. लोक बघत होते. मला लाज वाटली. धीट झालो आणि लाज गेली, असं काही झालं नाही. पार अहमदपूर येईपर्यंत मी मान खाली घालून बसलो होतो.

गोव्याचा फोन झाला नाही. आणि उस्तादांच्या रिक्षात क्लासची पोरं यायची, नांदेडच्या शाखेची, सकाळ-संध्याकाळ. त्यांचं घर त्यावरच चालायचं. ती बंद झाली. मला म्हणाले, रिक्षाचं काम निघालंय, थोडे दिवस उभी ठेवतोय. खरं काय ते पुढं खालांनी सांगितलं, तेही माझ्यावर चिडून नाही, चपाती वाढता वाढता. त्याच दिवसांत उस्ताद मला जनरलच्या डब्यातून पुण्याला घेऊन गेले, एका क्लबच्या निवड चाचणीला. निवडलं नाही. परत नेलं. तेव्हा घेतलं. तिथून पुढं गोवा, आणि मग हे सगळं फिरणं.

अजून मी घाबरट आहे. क्लबचा कुणी माणूस खोलीत आला की उठून उभा राहतो. करार वाढेल का, गुडघा टिकेल का, हेच डोक्यात. पण यंदा इथं केरळात जर्स्या छापणारा माणूस म्हणाला, तुझं आडनाव लांब आहे, पाठीवर मावत नाही, बॉम्बे टाकू का, महाराष्ट्रातला म्हणून सगळे तुला तसंच तर म्हणतात. त्याच्या मनात काही नव्हतं. मी म्हणालो, अक्षरं बारीक कर, पण पूर्ण टाक. त्यानं टाकलं. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत जातं. इथला लाऊडस्पीकर ते नीट बोलू शकत नाही, दर वेळी वेगळंच काहीतरी बोलतो. बोलू दे. माझंच बोलतोय.

उस्ताद, खाला हे तुम्हाला वाचून दाखवतील. गुडघे आहेत तोवर मी खेळीन. मग नांदेडला येईन. सकाळचं मैदान मी सांभाळीन, तुम्ही खुर्ची टाकून बसायचं आणि चुकलो तर ओरडायचं. पोरांच्या पाठीवर ज्याचं त्याचं आडनाव असेल, पूर्ण. छातीवर कुठल्या सरांचं नाव नसेल. आणि कुणी म्हणालं की ह्या पोराचं आडनाव राहू द्या, उगाच विषय नको, तर त्या माणसाला मी दोरीच्या बाहेर काढीन. विषय निघू दे. मी तिथं उभा असेन.

तुम्हाला थँक्यू म्हणत नाही. तो शब्द एकदा चुकीच्या माणसाला देऊन बसलोय. फेडीन, आणि मगच म्हणीन.