सोमावतीच्या घरी जायचं राहिलं

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर हिंगोलीच्या रत्नपाल खंदाऱ्यांनी पहिलं काम केलं ते पासपोर्ट काढायचं. बुद्धाचे देश बघायचे, हे त्यांनी नोकरीत असतानाच ठरवलेलं. विहारातल्या मंडळींबरोबर श्रीलंकेला निघताना त्यांनी बायकोला बजावलं, "परक्या मुलखात कोणाशी बोलायचं न्हाई. पर्स छातीशी धरायची अन् माझ्या मागं चालायचं."

आशाबाई "बरं" म्हणाल्या खऱ्या, पण स्वभाव कुठं जातो? कळमनुरीच्या एसटीत बसल्या तरी उतरेपर्यंत शेजारणीच्या लेकीची सोयरीक कुठं अडली, हे त्यांना कळलेलं असायचं.

अनुराधपूरला बोधिवृक्षाजवळ पांढऱ्या कपड्यांतली माणसं वाळूवर बसली होती. रत्नपाल फोटो काढत हिंडून आले, तर आशाबाई एका म्हातारीच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या. हिला तिची भाषा येईना, तिला हिची. पण आशाबाईंनी "बुद्धं सरणं गच्छामि" असं त्रिशरण म्हणायला घेतलं तशी म्हातारीनं पुढचे शब्द उचलले. चाल निराळी, शब्द तेच. तेवढ्यावर दोघींची गट्टी जमली. म्हातारीचं नाव सोमावती. घर जवळच आहे, चहाला चला, असं ती खुणांनी सांगत होती.

"जाऊ ना वो. बस सुटायला लई येळ हाय," आशाबाई म्हणाल्या.

"काहून? चहा प्यायला आलो का आपण इथं? अजून दोन स्तूप बघायचे राहिलेत."

त्यांनी बायकोला हाताला धरून उठवलं. सोमावती फाटकापर्यंत सोबत आली आणि आपल्याजवळचं कमळ तिनं आशाबाईंच्या हाती दिलं.

हिंगोलीत परतल्यावर शेजारपाजार गोळा झाला. रत्नपाल टीव्हीवर फोटो लावून स्तूपांची उंची सांगू लागले की लोक जांभया द्यायचे. आशाबाईंनी तोंड उघडलं की बाया पुढं सरकायच्या. "तिचा थोरला लेक वारला बघा. हातानं असा उंच दाखवला अन् डोळे पुसले. मला समदं समजलं."

"आगं, बघितलं काय ते सांग," रत्नपाल मध्येच तोडायचे.

पुढं थायलंड झालं, व्हिएतनाम झालं. तिथं आशाबाई मुकाट मागून चालल्या, कुणाशी बोलल्या नाहीत. रत्नपालांना तेव्हा ते बरंच वाटलं होतं.

गेल्या हिवाळ्यात छातीत कळ येऊन आशाबाई गेल्या. रिकाम्या घरात रत्नपाल जुने फोटो काढून बसले. स्तूपच स्तूप. आशाबाई एखाद्या फोटोत कडेला, अर्ध्या कापलेल्या. सोमावतीचा तर एकही नाही.

ते पुन्हा श्रीलंकेला गेले. पत्ता नव्हताच. फूलवाल्या बायकांना "सोमावती?" म्हणून विचारलं तर त्या हसल्या. त्या नावाच्या बाया तिथं गल्लोगल्ली. शेवटी थकून ते वाळूवर बसले. शेजारच्या म्हाताऱ्यानं मोडक्या इंग्रजीत विचारपूस केली. रत्नपालांचा हात आधी बॅगेवर गेला. मग त्यांनी तो हळूच काढून घेतला आणि सांगितलं, "माझी बायको इथं आली होती. आता नाही."

म्हातारा गुणपाल. यांचं नाव ऐकून तो खूश झाला. रत्नपाल म्हणजे आमच्याकडचंच नाव, म्हणाला आणि सरळ घरी घेऊन गेला. भात, फणसाची भाजी, नारळाची तिखट चटणी असं जेवण वाढलं. गुणपालची नात शाळेत शिकवायची, तिचं इंग्रजी चांगलं होतं. गुणपालची बायको, म्हणजे तिची आजी, प्रश्न विचारी आणि नात समजावून सांगे.

"आजी म्हणते, तुमच्या बायकोला कुठलं गाणं आवडायचं?"

"ती… फार चांगली होती," रत्नपाल म्हणाले.

"आणि भाताबरोबर काय आवडायचं तिला?"

"सगळंच खायची."

उभा जन्म एका छताखाली काढला, अन् दोन साध्या प्रश्नांना उत्तर नव्हतं. सोमावतीनं घटकाभरात जेवढं जाणलं असेल तेवढंही आपल्याला ठाऊक नाही, हे त्यांना त्या परक्या स्वयंपाकघरात कळलं. त्यांनी मान खाली घातली. आजीनं आणखी भाजी वाढली.

ते परत आल्यावर लेक साक्षी वसमतहून भेटायला आली. "पप्पा, काय काय बघितलं यावेळेस?"

"साक्षी, तुझ्या मायला कोणतं गाणं आवडत व्हतं गं?"

"आता इचारून राहिले, पप्पा?" तिच्या आवाजात राग नव्हता. "माय गायची, हे तरी माहीत हाय का तुमाला?"

"न्हाई."

"रोज गायची. तुमी हापिसात गेलात की."