मायच्या बोटाचं रेकॉर्डिंग

माझ्या नाकावर राग असतो, हे धुळ्यात आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. माय माझ्या भावाकडे सुरतेला निघाली तेव्हा मी काय म्हणणार, हे तिलाही माहीत होतं. वहिनीचं बाळंतपण होतं, जायलाच हवं होतं. मी म्हटलं, राहा निवांत, माझं काय अडतंय? माय राहिली. बाळ बसायला लागलं, रांगायला लागलं, तरी राहिली. इकडे घर मला खायला उठलं. तिनं परत यावं एवढंच मला हवं होतं आणि नेमकं तेवढंच तोंडातून निघत नव्हतं.

मी घरूनच काम करते, पुण्याच्या एका कंपनीसाठी. मोबाइलमधली ॲप लोकांच्या हाती जाण्याआधी तपासायची, हा माझा धंदा. हल्ली हातानं कमी तपासतात. तपासणारा प्रोग्राम लिहायचा, मग तोच फोनवर बटणं दाबत बसतो. सध्याचं ॲप ट्रॅव्हल्सच्या तिकिटांचं आहे. माय ज्या खाटेवर पंख्याखाली पापड वाळवायची, तिच्यावर आता फोन मांडलेले असतात. त्यांचे पडदे आपोआप सरकतात, तिकिटं निघतात, रद्द होतात. घरात हालचाल काय ती तेवढीच.

साहेबांनी सांगितलं होतं, तपासायच्या चारही पद्धती चालवून बघा आणि कोणती ठेवायची ते कळवा, बाकीच्या काढून टाकू. पहिली म्हणजे बटणाचं कोडमधलं नाव देऊन लिहिलेला प्रोग्राम. हा उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पडदा उघडायचा अवकाश, तिकीट काढून मोकळा. दुसरी पद्धत कालचा पडदा आणि आजचा पडदा ताडून बघते आणि रंगात जरा फरक दिसला की बोंब मारते. तिसरी कुठंही, कसंही दाबत सुटते. माकडाच्या हाती कोलीत. आणि चौथी रेकॉर्डिंगची. खऱ्या माणसानं एकदा ॲप वापरायचं. त्याचं बोट जिथं जसं पडलं तसंच फोन पुन्हा पुन्हा करून दाखवतो.

त्यासाठी मला अशा ॲपची सवय नसलेलं माणूस हवं होतं. सुरतेला जायच्या आधी मायलाच बसवलं. धुळे ते सुरत, खोटं तिकीट. पदराला हात पुसून ती बसली. गावाचं नाव, तारीख, खिडकीजवळची सीट, सगळं हळूहळू पण नीट केलं. शेवटच्या बटणाशी मात्र थांबली. मायचं हे कायमचंच. स्वयंपाकघरात कुणाच्या बापाला विचारणार नाही. पण घराबाहेर जाणारी गोष्ट असली, आवतण असो की निरोप, घरातल्या कुणी 'हं' म्हटल्याशिवाय पुढं पाऊल नाही. आधी वडिलांचं हं लागायचं, ते गेल्यावर माझं. तिनं मान वर करून विचारलं, "बठ्ठं बरोबर शे ना? दाबू का?" सगळं बरोबर आहे ना, एवढंच विचारणं. दूध उतू चाललं म्हणून मी आत धावले होते. ती वाट बघत बसली. मी येऊन हं म्हटलं, तेव्हा कुठं तिनं बटण दाबलं.

असं थांबणं रेकॉर्डिंगमधून कापून टाकायचं असतं. मी कापलं नाही. रोज सकाळी चहा घेऊन मी खाटेशेजारी बसते. फोन गाव निवडतो, सीट निवडतो आणि थांबतो. तेवढा वेळ माय घरात असते. वेडेपणा आहे, कळतं मला. पण पार्सलची शेवभाजी दोन वेळा गरम करून एकटीनं खाणाऱ्या बाईनं कशाकशाची लाज धरायची?

मग एका सकाळी तेच रेकॉर्डिंग फेल गेलं. बाकीच्या तिन्ही पद्धती हिरव्या, ही एकटी लाल. फोन नेहमीसारखा थांबला, मग बटण दाबलं गेलं आणि काहीच झालं नाही. आधी वाटलं, बटणाची जागा बदलली असेल. रेकॉर्डिंगचं ते जुनंच दुखणं. पण बटण जागेवरच होतं. शोधता शोधता सापडलं. नव्या आवृत्तीत शेवटच्या पडद्यावर कुणी फार वेळ थांबलं, की त्याच्यासाठी धरून ठेवलेली सीट ॲप गुपचूप सोडून देत होतं. पडद्यावर सगळं जसंच्या तसं. दाबणाऱ्याला वाटावं, आपलंच काही चुकलं. बाकीच्या तिघांना हे दिसलंच नाही, कारण त्यांतलं कुणी कुणाच्या 'हं'साठी थांबत नाही.

साहेब खूश झाले, रेकॉर्डिंग ठेवा म्हणाले. मी मात्र खाटेशेजारी तशीच बसून राहिले. मायचा फोन रोज संध्याकाळी येतो. बाळ, भाजी, उकाडा, सगळं बोलून झालं की शेवटी ती विचारायची, येऊ का तिकडे? आणि मी म्हणायची, बघ बाई तुझं तू. यायचं तर येईल की, विचारते कशाला, असं मला वाटायचं. आणि गेले बरेच दिवस तिनं विचारलंच नव्हतं. हे मला आत्ता आठवलं.

संध्याकाळची वाट न बघता मी फोन लावला. भलत्या वेळी माझा फोन बघून माय घाबरली, बरं शे ना, म्हणाली. मी म्हटलं, बरं नाही. तुझ्याशिवाय मला करमत नाही.

तिकडे बाळ रडायला लागलं, ती त्याला समजावू लागली. मला वाटलं, उशीर झाला.

"रोज तिकीट भरस," ती हळूच म्हणाली, "आन शेवटले थांबी जास." रोज मोबाइलवर धुळ्याचं तिकीट भरते आणि शेवटाला थांबते. मग तिनं विचारलं, "दाबू का?"

"हं," मी म्हटलं. "हं, माय. दाब."