रिकामा कंस

अकोल्यातल्या एका लहान दवाखान्यासाठी मी संगणकाचा प्रोग्राम लिहिला होता. रुग्णाची कोणती माहिती कोणाला दिसावी, हे कोडमध्ये त्या माहितीच्या डोक्यावर एका ओळीत लिहायचं असतं. त्या ओळीला अॅनोटेशन म्हणतात. कंसात डॉक्टर लिहिलं की फक्त डॉक्टरांना दिसणार. कंस रिकामाच राहिला तर काय, हेही मलाच ठरवायचं होतं. आमच्या अमरावतीच्या घरी दारातून कुणी नुसतं ‘जेवाले या जी’ म्हणून गेलं की सारं घर निघायचं. एकच माणूस हवा असला तर तसं बजावून सांगत. मीही त्याच वळणाचा. रिकामा कंस म्हणजे सगळे, असं ठरवून मोकळा झालो. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असंही मला वाटलं नाही.

पुढे डॉक्टरांच्या खासगी टिपणाचा कंस ‘नंतर भरू’ म्हणून मी तसाच सोडला.

कापूसवाल्या घरांना ती वर्षं फार वाईट गेली. त्या दिवशी मी काउंटरमागे प्रिंटरशी झटत बसलो होतो. समोरच्या बाकावर बार्शीटाकळीकडची एक बाई होती, नवरा आत भरती. मुलीची सोयरीक जुळत आलेली, म्हणून नवऱ्याला ताप आहे असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. मुलाकडचे दोघं भेटीला येऊन तिच्याशेजारीच बसले होते. काउंटरवरची क्लार्क तिच्याच गावची. तिनं पडद्यावरचं डॉक्टरांचं टिपण वाचलं आणि अगदी मायेनं विचारलं, “वहिनी, भाऊनं कपाशीच्या फवाऱ्याचं औषध काहून घेतलं जी?”

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बसची वेळ झाली म्हणत ते उठले.

बाई माझ्यापाशी आली. “भाऊ, ते पुसता येते काय?”

मी लॅपटॉप उघडून कंसात एक शब्द भरला. टिपण काउंटरच्या पडद्यावरून गेलं. हे माझ्यामुळे झालं, एवढंच तिला सांगायचं होतं. मी लॅपटॉप मिटला.

“लय उपकार झाले तुमचे,” ती हात जोडून म्हणाली.

तेवढ्यात टपरीवरून चहा आला. तिनं एक कप माझ्यापुढे ठेवला. “घ्या ना भाऊ, पाहुण्यायसाठी सांगितला होता. थंडा होऊन जाईन.”

मी तो घेतला आणि सगळा प्यायलो.