मेश्राम मिस्त्रीला थांबवायचं कसं?

लकडगंजातल्या एका कूलरच्या कारखान्यात मी बारा वर्षं सुपरवायझर होतो. नागपूरचा उन्हाळा, वर तापलेला पत्रा आणि खाली वीस-बावीस माणसांची दिवसभर ठोकाठोक. अशा जागी किस्से शोधावे लागत नाहीत हो, पायात येतात! आणि आमच्याकडचे निम्मे किस्से एकाच काळजीतून निघालेले. मेश्राम मिस्त्रीला थांबवायचं कसं?

मेश्राम म्हणजे पत्र्याचा बादशहा. चालू कूलरजवळ डोळे मिटून उभा राहिला की पंख्याचं कोणतं पातं वाकडं आहे, ते सांगायचा. तो गेला तर त्याच्या मागे आणखी सहा जण जाणार, आणि सहा जण गेले की सीझन गेला. आमचं वर्षभराचं पोट त्या चार महिन्यांवर. त्यामुळे त्याला फोडायला दरवर्षी कोणी ना कोणी टपलेलं असायचं, आणि आमचे मालक भाऊसाहेब दरवर्षी नवी युक्ती काढायचे.

*

पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराची गोष्ट. कूलरच्या कारखान्यात कूलर नव्हता! हसू नका, खरं सांगतो. मे महिन्यात एकदा मेश्राम म्हणाला, "साहेब, साऱ्या नागपूरले आपण थंड करून राहिलो, अन् आपणच काहून भाजून राहिलो?"

भाऊसाहेब वरमले. पण सरळ देतील तर ते भाऊसाहेब कसले! त्यांनी स्कीम काढली. आठवड्यात ज्याचं काम सगळ्यात जास्त, पुढचा आठवडाभर कूलर त्याच्यासमोर!

काय सांगू, त्या आठवड्यात कोणी धड डबाही खाल्ला नाही. पहिला नंबर आला रामाजी वेल्डरचा. सोमवारी त्याच्यासमोर कूलर लागला. अकराच्या सुमारास भाऊसाहेब काटोलच्या एका संत्रा व्यापाऱ्याला घेऊन शेडमध्ये आले, आपले कामगार कसे झपाटून काम करतात ते दाखवायला. बघतात तर रामाजी पोत्यावर आडवा, घोरतोय!

"उठवा त्याला!" भाऊसाहेब ओरडले.

मेश्राम म्हणाला, "झोपू द्या न साहेब. गिऱ्हाइकाले याहून चांगली जाहिरात कुठं दाखवाल?"

व्यापाऱ्यानं जागच्या जागी चार कूलरची ऑर्डर दिली. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये दोन कूलर लागले, नंबर-बिंबर न काढता.

*

मग भाऊसाहेब मुंबईला कुठलं तरी लेक्चर ऐकून आले. कामगारांना बोलतं करा म्हणे! आल्या आल्या सूचनापेटी बसवली. चांगला जाड पत्रा, वर हिरवा रंग, पितळी कुलूप. बोलायला भीती वाटते ना, मग चिठ्ठी टाका. नाव लिहायची गरज नाही.

पंधरा दिवसांनी भाऊसाहेबांनी सगळ्यांसमोर पेटी उघडली. आत एकच चिठ्ठी. मोठ्यानं वाचायला घेतली आणि मध्येच घसा खाकरला. लिहिलं होतं, "पेटीचा पत्रा अठरा गेजचा, कूलरचा बावीसचा. सूचना कागदाच्या आहेत, पाणी कूलरमध्ये राहते."

गेजचा आकडा कमी तितका पत्रा जाड, हे तिथं सगळ्यांना ठाऊक. नाव नव्हतं. पण अक्षर ओळखायला कोणाला वेळ लागतो! मेश्राम शांतपणे कान खाजवत उभा होता. पुढच्या सीझनपासून आमच्या टाकीचा पत्रा जाड झाला.

*

त्याच लेक्चरातली दुसरी गोष्ट म्हणजे वाढदिवस. प्रत्येकाच्या वाढदिवसाला मालकानं स्वतः पेढा द्यायचा. मला म्हणाले, "रजिस्टरमधून तारखा काढ."

मी काढल्या. बावीसपैकी एकोणीस जणांची जन्मतारीख एक जुलै! शाळेत मास्तरांनी टाकलेली, दुसरं काय. भाऊसाहेब यादीकडे बघत राहिले. "एकाच दिवशी जन्मले, म्हणून एवढी एकी आहे होय!" म्हणाले.

एक जुलैला पेढ्यांचं खोकं आलं. कूलरला वाळ्याच्या ताट्या बांधणारी शेवंताबाई म्हणाली, "मी तान्ह्या पोळ्याची हाये, माह्या मायनं सांगतलं होतं. माहा पेढा तवा द्या." मेश्रामनंही घेतला नाही.

"तुमचीही तारीख खोटी का, मिस्त्री?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"खरी-खोटी मले मालूम नाई साहेब. पण मी दोनदा जन्मलो. एकदा मायच्या पोटातून, अन् एकदा छप्पनच्या दसऱ्याले, बापाचा हात धरून दीक्षाभूमीवर. दुसरा जन्म मले पक्का याद हाये. तवा द्या."

त्या दसऱ्याला भाऊसाहेब पेढे घेऊन त्याच्या घरी गेले. मी सोबत होतो.

*

शेवंताबाईला मी एकदा विचारलं, "बाई, तुम्हाला दुसरीकडून बोलावणं येत नाही का?"

"येते न! पण तिथं मेश्राम नाई. मंग दिवसभर भांडू कोनासंग?"

*

आणि मग ते वर्ष आलं. होळी झाली, ऑर्डरी सुरू झाल्या आणि कामठी रोडच्या एका कूलर कारखानदार शेठची गाडी थेट आमच्या फाटकाशी उभी राहिली, मेश्रामसाठी! फोरमनची जागा, बसायला केबिन, राहायला दोन खोल्या. मेश्रामचं घर भाड्याचं, पोरी मोठ्या होत चाललेल्या. माणूस खरंच विचारात पडला.

लपवाछपवी त्याच्या स्वभावात नव्हती. सरळ म्हणाला, "साहेब, उद्या त्याच्या घरी जाऊन बोलून येतो."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये हातोडी वाजली नाही. ते सहा जण हत्यारं मांडून नुसते बसलेले. भाऊसाहेबांनी डबा उघडलाच नाही. मलाही धास्ती होतीच, खोटं कशाला बोलू? मिस्त्री गेला तर माझी सुपरवायझरी कोणावर चालणार होती? शेवंताबाई तेवढी तणतणत होती, "जाऊ द्या त्याले! आपल्याले काय फरक पडते!" आणि दर पाच मिनिटांनी फाटकाकडे बघत होती.

तीनच्या सुमारास मेश्राम आला. पायी. माठातलं पाणी प्यायला, शर्ट खुंटीला लावला आणि लाकडी हातोडी उचलली.

भाऊसाहेब धावतच आले. "काय झालं, मिस्त्री?"

"काई नाई. बैठकीत बसवलं, सरबत दिलं. कूलर चालू होता. आवाज ऐकला अन् म्हटलं, हा तर आपला! मागून जाऊन पाह्यलं. तुमच्या नावाची पट्टी उपटून त्यानं सोताची लावली. उठलो अन् आलो."

भाऊसाहेबांचे डोळे भरून आले. सगळ्यांसमोर त्यांनी मेश्रामला मिठीच मारली. "मिस्त्री! माझ्या नावासाठी तुम्ही एवढी मोठी जागा सोडून आलात!"

मेश्रामनं हळूच स्वतःला सोडवून घेतलं.

"नावाचं काय घेऊन बसले साहेब? पट्टी उपटताना त्या मानसानं पत्र्याले हा एवढा ओरखडा पाडला!"