गंगाबायची बदली

हरमलच्या शाळेत गंगाबाय शिपाईण होती. तिची बदली मी केली. सही शिक्षण खात्याच्या साहेबांची, अर्ज माझा.

गोवा राज्य होऊन दहाएक वर्षं झाली होती. चौदा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाचा कायदा नवा होता. मी शिकलो चौथी, पण कायद्याची कलमं तोंडपाठ. कुणाचं पोर शाळेत दिसलं नाही की मी आईबापांवर अर्ज ठोकायचो. मास्तर मला वचकून असत, आणि ते मला आवडायचं.

नोव्हेंबरात एकदा शाळा भरल्यावर देवकीच्या घरामागे गंगाबाय दिसली. देवकी पर्यटकांना खोल्या द्यायची. शाळेची निळी साडी वर खोचून गंगाबाय तिथे विहिरीवर चादरी धूत होती.

"पगार सरकारचो आणि धुणां देवकीचां?"

"ह्यो चार रवल्यो, मगे जातंय."

"शाळेच्या वेळात?"

"शाळेचांच काम, जयरामबाब."

ती माझी मस्करी करते असं वाटलं. माझं डोकं फिरलं. त्याच दुपारी म्हापशाला जाऊन अर्ज टाईप करून घेतला. चौकशी झाली. गंगाबायने स्वतःच्या बाजूने एक शब्द काढला नाही. बदली झाली आमोण्याला. हरमलहून तीन बसगाड्या बदलायच्या.

जानेवारीत मास्तरांकडून हजेरीपट मागून पाहिला. देवकीची मुलगी सिद्धी, सातवीतली, महिनाभर गैरहजर. मी नोटीस काढायला लावली आणि ती निघाल्यावर मुद्दाम देवकीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

देवकीने मला बसही म्हटलं नाही. "सीझनात अकरा खोल्यांच्यो चादरी धुवच्यो लागतत. गंगाबाय येयची, सिद्धीक म्हणायची, तू शाळेत जा, तुझां काम मी करतंय. तुमीच घालवलात तिका."

"मग चौकशीत बोलली का नाही?"

"बोलली आसती तर चेडवाक कामाक लायतत म्हणान तुमी तेवांच नोटीस धाडली आसती. आमच्या घरकाराक नोटीस म्हणजे बेअब्रू. रागान चेडवाक कायमचां घरात बसवल्यान आसतां. तां तिका ठावक होतां." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "आता बसवल्यान मां?"

खरंच बसवलं होतं. तिचा नवरा शिवदास म्हणाला, दंड भरीन, पण पोर पाठवणार नाही. मी ओरडलो, तोही ओरडला. बदली रद्द करा म्हणून तीन अर्ज केले. कारकून हसला, "पहिलो अर्ज कोणाचो, बाब?"

आमोण्याला जायला मला दोन वर्षं लागली. लाज, दुसरं काय. गंगाबायने शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची दिली, चहा दिला. माझी चूक मी सांगायच्या आधीच तिने विचारलं, "सिद्धी नववीत गेली आसतली?"

"सोडली तिने. तेव्हाच."

"वय किती झालां?"

"चौदा पूर्ण."

"म्हणजे आता तुमचो कायदोय तिका शाळेत हाडूक येवचो नाय." ती उठली, पदराने हात पुसले. "सहावी पास आसा ती. दाखलो तरी काडून द्या. फुडे कधी परीक्षेक बसली तर लागतलो."

दाखला मी दुसऱ्याच दिवशी काढला. द्यायला गेलो तेव्हा सिद्धी पर्यटकांना भाड्याने द्यायच्या स्कूटरी पुसत होती. तिने तो उघडून पाहिला, स्कूटरची सीट उचलून गाडीच्या कागदांबरोबर आत ठेवला, आणि समोर आलेल्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत दिवसाचं भाडं सांगायला लागली.